वेस आणि घराचं दार

मंडळी, गेल्या महिन्यात नातू पुण्याहून आला होता. चार दिवस रजा काढून आला आणि त्यातले दोन दिवस ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. "काय चाललंय रे एवढं?" विचारलं तर म्हणाला, "आजोबा, फायरवॉलचे नियम दुरुस्त करतोय. क्लाऊडमधल्या."

फायरवॉल म्हणजे आगीची भिंत, एवढं इंग्रजी मलाही येतं. आणि आगीचं म्हणाल तर आम्ही श्रीपूरची माणसं उसात वाढलेली. एका फडाला ठिणगी लागली आणि वारा असला, की बघता बघता शेजारचा फड पेटतो. मधे रस्ता किंवा मोकळी पट्टी असली तर पुढचा ऊस वाचतो. इमारतींत आग पलीकडे जाऊ नये म्हणून जाड भिंत घालतात, तिचं नाव संगणकवाल्यांनी उचललं. ती भिंत आग विझवत नाही, फक्त पलीकडे जाऊ देत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतिहासाचा मास्तर असल्याने पहिला प्रश्न हाच, की हे सुरू कधी झालं? 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम यंत्रायंत्रांतून पसरत गेला आणि हजारो संगणक अडले. तोवर इंटरनेट म्हणजे ओळखीच्या विद्वानांची वसाहत, दारं उघडीच. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतले लोक येणारी पाकिटं तपासण्याची पद्धत बसवत होते. पोस्टाच्या पाकिटासारखंच असतं ते. कुठून आलं, कुणाकडे जायचं आणि कितव्या दाराने, एवढं वरचं वाचायचं, आणि यादीप्रमाणे आत सोडायचं किंवा परत लावायचं. दार म्हणजे पोर्ट, आणि प्रत्येकाला नंबर. 1994 साली चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल आली. तिला आधीचं संभाषणही लक्षात राहायचं, म्हणजे आतल्याने पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं तर ते वेगळं विचारायला नको.

थोडक्यात, ही गावाची वेस. आपल्याकडच्या जुन्या गावांना गावकूस असे, वेशीला दरवाजा, आणि रात्री तो लावायचा, परक्यावर नजर ठेवायची हे काम येसकराचं. ते काम वतन म्हणून महारांकडे. जो माणूस अख्ख्या गावाचं दार राखी, त्याचं स्वतःचं घर मात्र गावकुसाबाहेर! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं, पण ती वतनं गेली ती 1958 च्या कायद्याने. भिंतीचा इतिहास सांगताना ती कुणाला बाहेर ठेवण्यासाठी होती हे सांगितलं नाही, तर अर्धाच इतिहास होतो. असो.

नव्वदीनंतर कंपन्यांनी अशीच एकेक वेस बांधली आणि आत सगळे आपलेच म्हणून निर्धास्त झाल्या. त्याची किंमत आपल्या महाराष्ट्रातही दिसली. 27 जून 2017 ला नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. आग लागली होती युक्रेनमध्ये. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला. वेशीने त्याला अडवलं नाही, कारण तो रोजच्या विश्वासाच्या माणसाच्या सामानात बसून आला होता. आत आल्यावर 445 नंबरच्या दाराने या यंत्रातून त्या यंत्रात, शिवाय चोरलेले पासवर्ड वापरून पुढे. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि न्हावा शेव्यातलं हे टर्मिनल त्याच समूहाचं. फड एक असो की शंभर, मधे पट्टीच नव्हती.

मग क्लाऊडने काय बदललं? क्लाऊड काही आभाळात नाही बरं का. मायक्रोसॉफ्टची केंद्रं 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला सुरू झाली, ॲमेझॉनचं 2016 मध्ये मुंबईला. तिथल्या एका दणकट यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात, आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. नातू म्हणाला, "इथे प्रत्येक संगणकाला स्वतःचा दारवान देता येतो, आजोबा." म्हणजे वेस आहेच, पण प्रत्येक वाड्याला स्वतःचं दार आणि अडसरही.

मी म्हटलं, मग काळजी मिटली. तो हसला आणि यादी दाखवली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत नियमांना नंबर असतात. आपण लिहायचे ते 100 ते 4096 मधले. लहान नंबर आधी वाचला जातो आणि पहिला जो लागू पडेल त्यावर निकाल, पुढचे वाचायचेच नाहीत. शेवटी कंपनीने घातलेले तीन, जे पुसता येत नाहीत. सगळ्यात शेवटचा 65500, बाहेरून येणारं सगळं बंद. छान. पण त्याच्या आधी 65000 आहे, आणि तो सांगतो की आपल्याच जाळ्यातला असेल तर येऊ द्या! जुनंच गाव की हे. दारवान नेमलाय, पण त्याला सांगून ठेवलंय की गावातल्या कुणालाही अडवू नकोस.

म्हणून नातू 4096 नंबरला लिहीत होता की आतल्यांनाही बंद, आणि त्याच्या आधी मोजक्या परवानग्या. वेबसाइटचा संगणक हिशेबाच्या संगणकाशी एकाच दाराने बोलेल, दुसरं कुणीच नाही. कंटाळवाणं काम आहे. कोण कुणाशी का बोलतं, हे त्या कंपनीत कुणाला धड सांगता येत नव्हतं.

आणि यादीच्या वरच, 110 नंबरला, एक नियम सापडला. 3389 हे लांबून संगणक चालवायचं दार अख्ख्या जगासाठी उघडं. शेरा कोरा. घालणारा नोकरी सोडून गेलेला. वर्गात मी पोरांना वहीच्या समासात तारीख आणि कारण लिहायला लावायचो, तेव्हा ती कुरकुरायची. नातवाने तो नियम त्या क्षणी काढला. "आता कोण ओरडतं ते बघायचं," म्हणाला.

आठव्या दिवशी पुण्याहून फोन आला. ओरडणारा एकच निघाला. त्यांचे म्हातारे हिशेबनीस रविवारी घरून जमाखर्च बघत असत. त्यांच्या घरच्या पत्त्यापुरतं वेगळं दार करून दिलं, म्हणाला. शेऱ्यात त्यांचं नाव आणि तारीख लिहिलीस का विचारलं. लिहिली होती.