अजिंठ्याची माणसं

अजिंठ्याची गोष्ट बहुतेकांच्या मनात एकाच प्रसंगानं सुरू होते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, झाडीतून त्याला एक कमान दिसली आणि हजार वर्षं हरवलेली लेणी जगाला सापडली. यातलं साल खरं आहे. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर स्मिथनं आपलं नाव, आपली २८वी घोडदळ पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली, तीही तिथल्या चित्रावर. आज ती अक्षरं उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा मोठा थर साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता.

शोध मात्र त्यानं लावला नाही. वाघूर नदीच्या या घळीत गुरं चारणाऱ्यांना, लगतच्या लेणापुरात राहणाऱ्यांना ही लेणी ठाऊकच होती. स्मिथच्या कथेच्याही अनेक रूपांत त्याला वाट दाखवणारा एक गुराखी पोरगा येतो. ज्याला वाट माहीत होती त्याचं नाव कुणी टिपलं नाही, आणि ज्यानं खांब खरवडला त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं. हे खटकायलाच हवं.

‘हजार वर्षं’ हा हिशेबही ढोबळ आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगनं इथल्या डोंगरातल्या एका संघारामाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात दाराशी उभे असलेले दगडी हत्ती आहेत आणि विहार उभारणाऱ्या अचल नावाच्या अर्हताचा उल्लेख आहे. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दोन हत्ती आजही आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहे. लेण्यांचं काम थांबून तोवर दीडशे वर्षं होत आली होती, तरी त्यांची कीर्ती एका परदेशी यात्रेकरूच्या कानापर्यंत पोचत होती.

दुसरा समज आणखी घट्ट आहे: संसार सोडलेल्या अनाम भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवत, सलग सात-आठशे वर्षं हे डोंगर कोरले. प्रत्यक्षात अजिंठ्याचे दोन वेगळे काळ आहेत. नववं, दहावं, बारावं, तेरावं आणि पंधरा-अ ही लेणी इसवी सनाच्या आसपासच्या शतकांतली, सातवाहनकालीन. त्यानंतर सुमारे चार शतकं इथे नवं काम जवळजवळ झालंच नाही. उरलेली सगळी लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास केलेले वॉल्टर स्पिंक यांनी तर मांडलं की यातलं मुख्य काम वाकाटक सम्राट हरिषेणाच्या आमदानीत, साधारण ४६० ते ४८० या दोन दशकांत उरकलं. काही अभ्यासक हा काळ थोडा लांबवतात. पण घाईची साक्ष दगडातच आहे. चोविसावं लेणं प्रचंड आकाराचं आखलं होतं, ते अर्ध्यात सुटलं. आधी छत मोकळं करायचं, मग खांबांपुरता दगड राखत खाली उतरायचं, ही पाथरवटांची रीत तिथे पायरीपायरीनं दिसते. पुऱ्या झालेल्या लेण्यांइतकाच वेळ या लेण्यालाही द्यावा.

आणि अनाम? सोळावं लेणं हरिषेणाचा सचिव वराहदेव यानं करवून घेतलं. तिथल्या लेखात विंध्यशक्तीपासूनची वाकाटकांची वंशावळ आहे. त्या घराण्याच्या इतिहासाचा तो मोठा आधार. सतरावं लेणं एका मांडलिक राजाचं. रविसांब या धाकट्या भावाच्या मृत्यूनं त्याचं मन राज्यकारभारातून उडालं आणि ते दानधर्माकडे वळलं, असं लेख सांगतो. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे दुःख वाचलं की त्या लेण्यातल्या रंगांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. बारावा विहार त्याहून कितीतरी आधी घनमदड नावाच्या एका वाण्यानं दान दिला होता. सव्विसावं चैत्यगृह बुद्धभद्र या भिक्षूचं खरं, पण हा भिक्षू अश्मक राजाच्या मंत्र्याचा मित्र होता, हाताशी पैसा आणि माणसं असलेला. जगात आठवण टिकते तोवर स्वर्ग टिकतो, म्हणून डोंगरात कीर्ती कोरावी, असा विचार त्याच्या लेखात सरळ मांडलेला आहे.

नाव नाही ते पाथरवटांचं, गिलावा करणाऱ्यांचं, चितारणाऱ्यांचं. त्यांचं कसब मात्र भिंतीवर आहे आणि त्याबद्दलचे गैरसमजही पुष्कळ. रंग ‘झाडपाल्याचे’ होते असं सर्रास सांगितलं जातं. ते होते मुख्यतः खनिज: काव, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना. काळा तेवढा काजळीचा. निळा होता लाजवर्दाचा आणि हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून यायचा. ही चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली, इटालियन पद्धतीची भित्तिचित्रंही नव्हेत. मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मळून गिलावा करायचा, वर चुन्याचा पातळ हात द्यायचा आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरायचे. म्हणूनच ओल आणि कीड हे या चित्रांचे खरे शत्रू.

चित्रांचा अर्थ लावतानाही घोटाळे झाले. पहिल्या लेण्यात परदेशी पेहरावाची माणसं राजासमोर आलेली दिसतात. १८७९ मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसननं ठरवलं की हा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलेला इराणच्या खुस्रोचा वकील. ही कल्पना इतकी रुजली की आजही ऐकू येते. पण पुलकेशी सातव्या शतकातला, लेणं पाचव्या; आज अभ्यासक त्या चित्रात बौद्ध कथाच पाहतात.

सोळाव्या लेण्यातली ‘मरणोन्मुख राजकन्या’ तर मरतच नाही. ती बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी. नंदानं प्रव्रज्या घेतली आणि त्याचा मुकुट घेऊन एक माणूस परत आला. तो मुकुट पाहून तिचं भान हरपलं, मान कलली, दासीनं तिला सावरलं. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यातही हीच कथा आहे. मुकुट नजरेआड केला तर उरते एक आजारी बाई. मुकुटासकट पाहिलं की कळतं, चितारणाऱ्यानं वैराग्याची किंमत मागे राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यावर दाखवली आहे. अजिंठ्यात याहून मोठं चित्र क्वचितच असेल.

या चित्रांवर नंतरच्या काळानंही हात फिरवला. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी चित्रकारानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृतींतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे विद्यार्थी घेऊन पुन्हा प्रतिकृती करत राहिले. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मग निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, हे त्यांचं मोलाचं काम. पण वर लाखेचा लेपही चढवला आणि काळानं तो पिवळा-तपकिरी झाला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो थोडा थोडा उतरवायला घेतला. तेव्हा भिंतीवरची जी मधाळ झाक पाहून प्रवासी ‘किती जुनी चित्रं!’ म्हणतात, ती पुष्कळदा वाकाटकांच्या चितार्‍याची नसते, शंभर वर्षांपूर्वीच्या लाखेची असते.