कंट्रोल

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या जुन्या मराठी घरांत रेशनचं दुकान अजून ‘कंट्रोल’च असतं. शेजारची तेलुगू मंडळीही ‘कंट्रोल बिय्यम’ म्हणतात. बिय्यम म्हणजे तांदूळ.

शब्दाचं मूळ मध्ययुगीन लॅटिनमधलं ‘काँत्रारोतुलुस’: हिशेब पडताळायला ठेवलेली दुसरी गुंडाळी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला आणि पडताळणीची हुकमत झाली. ‘रेशन’चं मूळही लॅटिनच, ‘रातिओ’ म्हणजे हिशेब.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तिथला तांदूळ बंद झाला आणि भाव भडकले. सरकारनं दर बांधले, तोच हा ‘कंट्रोल’. मे १९४३ मध्ये मुंबईत कार्डावर माणशी ठरावीक धान्य सुरू झालं. निजामाच्या राज्यात शेतकऱ्यांकडून धान्य सक्तीनं वसूल होई, ती ‘लेव्ही’. कापड, साखर, रॉकेलही कंट्रोलवर आलं. बांधल्या दराबाहेरचं सारं ‘ब्लॅक’!

पुढे ‘कंट्रोलचा’ म्हणजे जाडाभरडा, हलका असा अर्थ चिकटला. २०२५ पासून तेलंगणात रेशनवर ‘सन्न बिय्यम’, म्हणजे बारीक तांदूळ, मिळू लागला. तोही बोलण्यात कंट्रोलचाच. साखर मात्र आता डॉक्टर कंट्रोलमध्ये ठेवायला सांगतात, ती रक्तातली.