तेलेत्स्कोये सरोवर
तेलेत्स्कोये हे रशियाच्या दक्षिण सैबेरियातील आल्ताय पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४३४ मीटर उंचीवर असलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे ७८ किलोमीटर, रुंदी मात्र जेमतेम काही किलोमीटर. त्यामुळे नकाशावर ते नदीसारखेच भासते. कमाल खोली ३२५ मीटर आहे. अरण्यमय डोंगर थेट पाण्यात उतरत असल्याने किनाऱ्यावर वस्तीस जागा फारशी नाही. बहुतांश पाणी दक्षिणेकडून चुलिश्मान नदी आणते. उत्तर टोकाहून बिया ही एकमेव नदी बाहेर पडते. कातुनशी तिचा संगम होऊन विशाल ओब नदी बनते. पूर्वेकडील अरण्याचे संरक्षित क्षेत्र १९३२ मध्ये स्थापन झाले. १९५१ आणि १९६१ मध्ये ते रद्दही झाले होते. १९६७ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली. १९९८ पासून ते क्षेत्र व सरोवराचा परिसर जागतिक वारसा यादीत आहे.