खतांची होळी आणि हिशेबाची दुसरी प्रत

व्यापारांत भांडवलाइतकीच मोलाची वस्तु म्हणजे हिशेबाचे कागद. ते राखावे कसे, याचा धडा आमच्या शिरूर-दौंडच्या मुलखानें दीडशें वर्षांपूर्वीं मोठी किंमत देऊन घेतला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या काळीं खेड्यांतील सावकार म्हणजे एक लहानशी पेढीच. तिची सारी जिंदगी एका पेटींत मावे: रोजकीर्द, खतावणी आणि कुळांनीं नांगराची निशाणी करून दिलेलीं कर्जखतें. प्रत बहुधा एकच, आणि तीहि सावकाराच्या घरीं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताला तीन वर्षांचीच मुदत ठरली. म्हणून मुदत संपत आली कीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहिलें जाई. कुळानें किती फेडलें आणि किती उरलें, हें एकट्या सावकाराची वही सांगणार, आणि कुळाला तर अक्षरओळख नाहीं! अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें कापूस महागला, तोंवर हें निभलें. पुढें भाव उतरले, १८६७ च्या सुमारास नव्या आकारणीनें सारा वाढला, आणि कुळाची पत आटली.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानाचा माल घेणें बंद, त्यांचीं शेतें कसणें बंद, न्हावी-पाणक्याहि बंद. पुढें १२ मे १८७५ रोजीं, ऐन बाजारच्या दिवशीं, सुपें येथें दंगा उसळला. हें गांव तेव्हां दौंडप्रमाणेंच भीमथडी तालुक्यांत मोडत असे. लूट झाली खरी. पण पुणें आणि नगर जिल्ह्यांत हें लोण जेथें जेथें गेलें, तेथें लोकांचा डोळा मुख्यतः कागदांवर होता. खतें निमूटपणें हातीं आलीं कीं बहुधा पुढचा उपद्रव टळे. पुढें ९५१ इसम पकडले गेले आणि त्यांपैकीं ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

आतां विचार करा, त्या होळींत काय जळलें? सावकाराचें येणें जळलें, हें तर उघडच आहे. परंतु कुळानें भरलेल्या रकमांचा पुरावाहि त्याच वह्यांत होता! खरी नोंद कोणती आणि खोटी कोणती, हें अग्नि विचारीत नाहीं. जी वही एकाच्याच हातीं असते, तिच्यावर दुसऱ्याचा विश्वास बसत नाहीं. आणि विश्वास नसलेली वही तिजोरींत ठेविली तरी सुरक्षित नसते.

सरकारनें चौकशी मंडळ नेमलें आणि त्यांतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यानें गांवोगांव नोंदणी करणारे अधिकारी नेमण्याची सोय केली. खत त्यांच्यासमोर व्हावें, त्याची नोंद दप्तरांत राहावी, अस्सल धनकोस मिळावें आणि नक्कल ऋणकोस. शिवाय पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कहि कुळास दिला. या कायद्यानें कर्जाचा फांस सुटला नाहीं, आणि आज तो इतिहासजमा झाला आहे. परंतु तीन ठिकाणीं, तीन हातीं प्रत असावी, हें त्यांतलें तत्त्व मात्र जुनें झालेलें नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी दौंडच्या बाजारांत किराण्याचें दुकान चालवितो. त्यानें सारी उधारी संगणकावर चढविली होती. जोडीला एक नक्कल काढी. पण तीहि त्याच टेबलाच्या खणांत! एका पावसाळ्यांत दुकानांत पाणी शिरलें आणि दोन्ही प्रती गेल्या. तेव्हां त्याचें दुकान तारलें तें गिऱ्हाइकांच्या घरच्या लहान वह्यांनीं, ज्यांत दर खेपेस तो स्वतःच्या हातानें आंकडा लिहून देत असे. एकएक गिऱ्हाईक आपली वही घेऊन आलें. ज्याचें देणें होतें, तोहि आला.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. लहान दुकानदारानें हिशेबाची एक प्रत दुकानांत, दुसरी दुसऱ्या जागीं ठेवावी. ती अधूनमधून उघडून वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें. आणि ज्याचा हिशेब, त्याच्या हातींहि त्याची प्रत द्यावी. १८७५ सालीं कुळाच्या घरीं अशी एक खरी वही असती, तर सावकाराच्या पेटीला आग लावण्याचें त्याला कारण तरी काय उरलें असतें?