‘लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’ म्हणजे काय? फाईलवरचा लांबलचक शब्द असा फोडा

कलघटगी : पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी या भागातले रुग्ण हुबळी-धारवाडला जातात. तिथे फाईलवर हा शब्द दिसतो. डॉक्टर-नर्स थोडक्यात ‘लॅप कोले’ म्हणतात. सरळ अर्थ : दुर्बिणीतून पित्ताशय काढणे.

शब्द ग्रीक तुकड्यांचा

- लॅपरो : बरगड्यांखालची मऊ कूस, इथे पोट
- स्कोप : बघणे, तपासणे
- कोले : पित्त
- सिस्ट : पिशवी
- एक्टॉमी : ‘एक्’ म्हणजे बाहेर, ‘तोमे’ म्हणजे काप, कापून बाहेर काढणे

जोर कुठे?

को-ले-सिस्-टेक्-ट-मी अशी सहा अक्षरं. इंग्रजीत जोर शेवटून तिसऱ्यावर, म्हणजे ‘टेक्’वर पडतो. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच जोराने बोलतो, त्यामुळे हे अक्षर कानातून निसटतं. पण अर्थ बदलतो तो नेमका तिथेच :

- कोलेसिस्‘टेक्’टमी : पित्ताशय काढलं
- कोलेसिस्‘टॉस्’टमी : छिद्र पाडून नळीने पित्त बाहेर काढलं, पित्ताशय जागेवरच. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड
- कोलेसिस्‘टॉ’टमी : पित्ताशय कापून उघडलं, काढलं नाही

हाच नियम इतर ऑपरेशनांनाही लावता येतो. ‘हिस्टेरेक्टॉमी’त गर्भाशय काढतात, ‘ट्रॅकिऑस्टॉमी’त श्वासनलिकेला तोंड पाडतात.

कन्नड-मराठीचा घोळ

पित्ताशयाला कन्नडमध्ये ‘पित्तकोश’ म्हणतात. ‘पित्तजनकांग’ मात्र यकृत, म्हणजे लिव्हर. दोन्हींत ‘पित्त’ असल्याने गल्लत करू नका.

थोडा इतिहास

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन 1882 मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केलं. दुर्बिणीतून ते पहिल्यांदा जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये केलं. भारतात 1990 मध्ये मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी सुरुवात केली.

हे लक्षात ठेवा

संमतीपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : पिशवी काढणार की ठेवणार? डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढे पोट दुखलं, सोनोग्राफी करायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरला पित्ताशय आहे की नाही हे आधी कळायला हवं. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्या सांगण्यावरून ते कळत नाही.