समाजवाद : कायद्यातील आणि शिवारातील

१९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला. तथापि कोणत्याही विचाराची कसोटी शब्दाने नव्हे, व्यवहारानेच लागते. महाराष्ट्रात ती कूळकायद्याने लागली.

तत्त्व सोपे होते : कसेल त्याची जमीन. १९३४ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, युसुफ मेहेरअली प्रभृतींनी काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापिला. त्याच सुमारास कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप चालू होता. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा व नंतर १९४८ चा कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. ठाणे जिल्ह्यालाही, म्हणजेच आपल्या चिखलोलीच्या शिवारालाही, हाच कायदा लागू होता.

आता व्यवहार पाहू. प्रा. वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केला. कायदा असूनही कुळे जमिनीवरून निघत होती. कागदोपत्री मात्र त्यांनी ‘स्वखुशीने’ राजीनामे दिलेले होते. सावकाराच्या, मालकाच्या दारी राबणाऱ्याची स्वखुशी ती किती असणार?

कृषक दिनानंतरही जमीन आपोआप हाती येत नव्हती. साध्या कुळासाठी आकाराच्या २० ते २०० पट किंमत ठरत असे. नोटिशीनंतर कूळ न्यायाधिकरणापुढे हजर राहिले नाही, तर खरेदीच निष्फळ ठरे. ज्यांनी हप्ते भरून कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळविले, ते मालक झाले, आणि अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांना नोटीस वाचता आली नाही, ते कायदा बाजूने असूनही हरले.

१९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याची कथाही निराळी नाही. उल्हासनगर परिसरालाही तो लागू झाला. जादा जमिनीवर गरिबांची घरे व्हावीत हा हेतू. पण सवलतीच्या कलमांतून मूळ हेतू बाजूला पडत गेला. अखेर २००७ साली महाराष्ट्राने तो रद्द केला.

आज चिखलोलीच्या जुन्या शेतांशेजारी कारखाने आहेत, रेल्वे स्थानकासही मंजुरी मिळाली आहे. जमिनीचा भाव वाढतो, तसे जुने कागद बोलू लागतात. समाजवादाचे तत्त्व खोटे नव्हते; ते तलाठ्याच्या दप्तरापर्यंत आले आणि तेथे अक्षरशत्रू माणसापाशी अडले. म्हणून आपल्या मुलामुलींना पदवीबरोबरच सातबारा व फेरफार वाचता आला पाहिजे. हक्क कायदा देतो. तो टिकवून ठेवण्याचे बळ शिक्षण देते.