घड्याळातली किल्ली

आमच्या घरी वडिलांच्या वेळचं भिंतीवरचं घड्याळ आहे. त्याची किल्ली ठेवायची जागा घड्याळाच्याच पोटात, लंबकाच्या खाली. एका पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि त्याचं दार जे बसलं ते काही केल्या उघडेना. घड्याळ बंद, आणि ते चालू करायची किल्ली आत! त्या दिवशी भाऊंनी (वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू) अख्ख्या घराला सुनावलं, "किल्ली बाहेर खिळ्याला अडकवत जा रे!" हा उपदेश फक्त घड्याळापुरता आहे, अशी माझी पुढे कैक वर्षं समजूत होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅपटॉपने हाय खाल्ली. बटण दाबलं की पडद्यावर एक वर्तुळ प्रदक्षिणा घालायचं आणि दमून काळोखात जायचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. अकरा वर्षांचा हिशेब त्यात, आणि रविवारी वार्षिक सभा. माझा चेहरा बघून सभासदांनी जो काही निष्कर्ष काढायचा तो काढला. पण खरं दुखणं निराळंच होतं. 'इतर' नावाच्या एका कप्प्यात भाऊंचा आवाज होता. जाण्याआधीच्या दिवाळीत त्यांनी घड्याळाला किल्ली कशी द्यावी हे मला सांगितलं होतं, ते मी सहज टेप केलेलं. अकरा मिनिटं. दुसरी प्रत नाही.

"अहो, हिशेब काय, पावत्या काढून परत जुळवाल," ही म्हणाली. "पण भाऊंचं काय?"

भाच्याला बोलावलं. त्याने पहिलाच प्रश्न केला, "मामा, रिकव्हरीची सोय कुठेय?"

"आहे की! लॅपटॉपातच आहे."

"म्हणजे जी डिस्क चालू होत नाही, तिच्यातच?"

माझी नजर आपोआप भिंतीकडे गेली.

यंत्राला जागं करणं ही फार जुनी डोकेदुखी आहे. नट कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, असा दाखला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात देऊन ठेवला आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी नेमका तोच उद्योग आरंभला. प्रोग्रॅम आत आणायला प्रोग्रॅम हवा, मग पहिला आणायचा कोणी? इंग्रज माणूस याला स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःला उचलणं म्हणतो. 'बूट' शब्द तिथला. आपल्या पायातल्या बुटाचा संबंध एवढाच.

१९७५ सालच्या अल्टेअर नावाच्या यंत्रात हा पहिला प्रोग्रॅम माणसाने समोरच्या खटक्यांनी, वर-खाली करत, हाताने भरायचा. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. आमच्या भागात वीज ज्या हौसेने जाते ती पाहता अल्टेअर इकडे आला असता तर त्याने जन्मात दुसरं काही केलं नसतं.

फ्लॉपीचा जन्मही याच अडचणीतून झाला. आपल्याला वाटतं, ती पत्रं-बित्रं साठवायला काढली. छे! आयबीएमने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली ती मोठ्या यंत्रांना सुरुवातीच्या सूचना भरवायला. थोडक्यात, ती जन्मतःच बाहेरच्या खिळ्यावरची किल्ली होती. पुढे १९९५ साली 'एल टोरिटो' हा नियम ठरला आणि सीडीवरूनही यंत्र उठू लागलं. २००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाने क्नॉपिक्स काढलं. आतल्या डिस्कला हातही न लावता अख्खा संसार सीडीवरून थाटायचा, असा तो प्रकार. आता ते सगळं अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर मावतं.

भाच्याने आपल्या यंत्रावर तसा पेन ड्राइव्ह तयार केला, आमच्या लॅपटॉपात खोचला, आणि काय सांगू, लॅपटॉप उठला! मी हिला पेढे आणायला सांगणार, तोच भाचा म्हणाला, "मामा, आत एकही डिस्क दिसत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. "गेली?"

"गेली नाही हो. याला ओळखता येत नाहीये."

डिस्क हा पदार्थ मूळचा अवजड. १९५६ सालच्या आयबीएमच्या पहिल्या डिस्कला दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि मावायचं जेमतेम पाच मेगाबाइट. तबकड्यांचं फिरणं पुढची पन्नासेक वर्षं चाललं. दरम्यान १९८० च्या दशकात तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी क्षणात पुसली जाते, म्हणून एका सहकाऱ्याने तिचं हे बारसं केलं. तिच्यापासून न फिरणारी डिस्क झाली. पण जुने नियम फिरत्या तबकडीच्या बेताचे : रांग एकच, रांगेत हुकूम फार तर ३२. रेशनच्या दुकानासारखं. म्हणून २०११ साली एनव्हीएमई हा नवा नियम आला. त्यात हजारो रांगांची मुभा. मात्र ही भाषा येणारा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, सोबत लागतो. त्यातून काही लॅपटॉपांत डिस्क थेट भेटत नाही. मध्ये एक कारभारी बसवलेला असतो आणि त्याचा दुभाषा निराळा. आमच्याकडे नेमका कारभारी निघाला!

हेही नवं नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत अशाच वेळी एफ ६ दाबून दुभाषा फ्लॉपीवरून भरवावा लागे. भाच्याने आमच्या मॉडेलचा ड्रायव्हर मिळवला, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवला आणि 'ड्रायव्हर लोड करा' म्हटलं. एक रेघ उमटली. डिस्क! "दुरुस्ती नंतर, आधी प्रत," असं म्हणत त्याने सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं.

सोसायटीचा हिशेब मिळाला. त्यात एकशेचाळीस रुपयांची चूक होती तीही सहीसलामत मिळाली. मग त्याने 'इतर' उघडलं.

"उजवीकडचं भोक चालण्याचं, डावीकडचं टोल्यांचं," भाऊ सांगत होते. "घाई करू नकोस. घट्ट लागलं की थांबायचं." मध्येच खोकला, मग आईने चहाला मारलेली हाक. अकरा मिनिटं कोणी बोललं नाही.

आता त्या आवाजाच्या तीन प्रती आहेत, पैकी एक भाच्याकडे. घड्याळाशेजारच्या खिळ्याला किल्ली लटकते, आणि तिच्याशेजारी दोऱ्याला बांधलेला पेन ड्राइव्ह, ड्रायव्हरसकट. पाहुणे विचारतात, हे काय? ही सांगते, "दोन्ही किल्ल्याच आहेत. आमच्याकडे बाहेर ठेवायची पद्धत आहे."